विळी घरची, कात्री परक्याची

मिरजेतल्या आमच्या घरात धारेची वाटणी ठरलेली होती. विळी, कोयता आणि अडकित्ता यांना धार घरात लागायची. कात्रीला कधीच नाही. आजी परसात धुण्याच्या दगडाशेजारी विळी घेऊन बसायची, पाटावर पाय रोवायची आणि कुरुंदाचा झिजलेला तुकडा पाण्यात बुडवून पात्याच्या पोटातून फिरवायची. मधूनच अंगठा धारेवर आडवा धरून पाहायची. अडकित्ता आजोबांचा, तो ते स्वतः निसण्यावर धरत. मळ्यातले विळे-खुरपी सुगीच्या आधी लोहाराकडे शेवटायला जात. कात्री मात्र बोथट झाली की फडक्यात गुंडाळून फळीवर चढायची आणि धारवाला येईपर्यंत तिथंच राहायची. तोवर शेजारून मागून आणावी लागली तरी चालेल, पण आमची कात्री दगडाला लावायची नाही. रिकामी कात्री वाजवली की घरात भांडण होतं, हा नियमही त्याच फळीवरचा. त्यामागे भांडणापेक्षा धारेचीच काळजी असावी असं मला वाटतं. मध्ये कापड नसताना कात्री चालवली की पाती एकमेकांवर कोरडी घासतात.

पुढे मी बरीच वर्षं शिवणकामाचा वर्ग चालवला आणि ही वाटणी किती शहाणपणाची होती ते कात्र्यांनीच शिकवलं. विळीला पातं एक, धार एक. अडकित्त्याला दांडे दोन असले तरी धार वरच्यालाच असते; खालचा नुसता सुपारीला टेकू देतो. अशा हत्याराची धार कमीजास्त लागली तरी काम अडत नाही. कात्रीत दोन्ही पाती धारेची, आणि एकाचं काम दुसऱ्यावाचून होत नाही. शिंप्याची चांगली कात्री मिटून उजेडासमोर आडवी धरा. पाती खिळ्यापाशी आणि टोकापाशी टेकलेली दिसतात, मधे केसाएवढी फट. प्रत्येक पातं आतून किंचित पोकळ घासलेलं असतं आणि लांबीत किंचित वाकवलेलं. कात्री मिटत जाते तसा टेकण्याचा बिंदू खिळ्याकडून टोकाकडे सरकत जातो, आणि कापड कापलं जातं ते नेमकं त्या एका बिंदूत. तो बिंदू मधेच कुठं सुटला की तिथं कापड पात्यांमध्ये दुमडून अडकतं. शिंपी म्हणतात, कात्री कापड चावते.

आमच्या आळीत येणारे धारवाले चाचा शिकलगार होते. वर्गातल्या मुलींना ते दटावून सांगत, ‘‘पोरींनो, कात्री भाईरनं घासायची. आतनं घासली की ती कात्री ऱ्हाईली न्हाई, दोन सुऱ्या झाल्या.’’ याहून नेमकं मी कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. आतली पोकळी घासून सपाट झाली की पाती सगळ्या लांबीभर एकमेकांना चिकटतात, आणि मग धार कितीही तीक्ष्ण असो, कापड चावलंच जातं. विळी पाजवणारी माझी आजी हे जाणून होती की नाही, सांगता येत नाही. पण कात्री तिनं दगडापासून दूर ठेवली.

मुळात कात्री आमच्यासारख्या घरांत उशिराच आली. वस्तू म्हणून ती जुनी आहे. चिमट्यासारखी एकाच पट्टीची, दाबली की मिटणारी कातर हजारो वर्षांपूर्वी पश्चिम आशियात होती. मधोमध खिळा असलेली कात्री रोमन काळात दिसते. आपल्याकडे ती शिंप्याची, न्हाव्याची आणि मेंढरं कातरणाऱ्या धनगराची. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, नराणी आणि निसण्याबरोबर ती असायचीच. संत नामदेव शिंपी. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत, आणि त्यांतल्या एका पदात मन हा गज आणि जीभ ही कात्री असं रूपक येतं. पदाच्या रचनेचा काळ कोणता यावर अभ्यासकांनी खुशाल वाद घालावा. ग्रंथाचं पहिलं संकलन १६०४ चं आहे, म्हणजे निदान तेव्हा तरी शिंपी म्हटलं की गज आणि कात्री ही जोडी डोळ्यांपुढं येत होती. घरातल्या बाईच्या हातात ती रोजची झाली शिवणयंत्राबरोबर. सिंगरची यंत्रं एकोणिसाव्या शतकातच भारतात विकली जात होती, पण ती शिंप्याच्या आणि साहेबाच्या घरी. १९३० च्या दशकात कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सनं ‘उषा’ काढलं आणि स्वातंत्र्यानंतर हुंड्याच्या, आहेराच्या, हप्त्याच्या वाटेनं ते मध्यमवर्गात शिरलं. यंत्राला तेल घालायला घरातल्या बाया लगेच शिकल्या. कात्रीची धार मात्र त्यांनी बाहेरच्याच हातात ठेवली, कारण तो हात दारावर येत होता.

तो हात मुळात तलवारीचा.

शिकलगार म्हणजे हत्यारं घासून, गंज काढून, चकाकी आणि धार देणारे कारागीर. महाराष्ट्रात ते बहुतेक मुसलमान. सातारा, सांगली, कोल्हापूर भागात हे आडनाव आजही पावलोपावली भेटतं. पंजाबातले सिकलीगर शीख, शीख गुरूंच्या फौजांसाठी शस्त्रं घडवणारे म्हणून त्यांची ख्याती. धर्म वेगळे, काम एकच. लोहार पोलादाला आकार देतो. शिकलगार त्याला लायक करतो. पेशवाईतल्या सरदारांच्या पदरी असे कारागीर असत, आणि मिरज तर पटवर्धनांचं ठाणं. किल्ला, फौज, पथकं, म्हणजे घासायला तलवारी, पट्टे आणि भाल्यांची पाती.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली, फौजा मोडल्या, तलवार भिंतीवर गेली. ब्रिटिश मुलखात १८७८ च्या शस्त्र कायद्यानं परवान्याशिवाय हत्यार बाळगण्यावर बंदी आणली आणि शिकलगारांच्या धंद्याचा उरलासुरला कणाही मोडला, असं सर्वसाधारणपणे सांगितलं जातं. मिरजेत मात्र धंदा कायद्याच्या आधीच वळला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथल्या दरबारात गवई-वादकांचा राबता वाढला. सतारी-तंबोरे उत्तरेतून यायचे. बिघडले की दुरुस्त करणारं कुणी नव्हतं. पटवर्धनांच्या आश्रयाखाली हे काम हाती घेतलं ते फरीदसाहेब नावाच्या शिकलगारानं. दुरुस्तीतून घडण आली, पंढरपूर भागातल्या भोपळ्यांना मागणी आली, आणि घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं. सतारमेकर गल्ली आजही नांदती आहे, आणि मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं.

हत्यारं घासणारा माणूस सतार कशी घडवतो, याचं नवल करणाऱ्यांनी जवारी काढताना एकदा पाहावं. तारा ज्या घोडीवरून जातात, तिची हाडाची किंवा शिंगाची वरची बाजू कानसेनं अशी घासायची की ती सपाट दिसावी पण सपाट नसावी. तिला इतका हलका बाक हवा की तार छेडली की तिनं पृष्ठभागाला सरकत सरकत स्पर्श करावा. बाक कमी झाला की आवाज मुका, जास्त झाला की पत्रा वाजल्यासारखा. डोळ्यांना न दिसणारा बाक हातानं घासून काढणं आणि तो चालवून तपासणं, हे कौशल्य कात्रीच्या दोन पात्यांनाही लागतं. माझ्या डोक्यात या दोन गोष्टी जुळल्या त्या चाचांमुळे. ते कात्री घासून झाल्यावर कापडावर चालवण्याआधी कानाजवळ नेऊन एकदा सावकाश मिटत. आवाज खिळ्यापासून टोकापर्यंत सलग, एकसारखा आला पाहिजे. मधेच खरखर झाली किंवा आवाज तुटला, तर तिथं खोट.

म्हणजे एका जमातीतले काही सतारीकडे गेले आणि बरेचसे गल्लोगल्ली विळ्या-कात्र्यांकडे. पहिल्यांचा इतिहास गवयांच्या चरित्रांत आला, दुसऱ्यांचा आला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जिल्हा गॅझेटियरांत शिकलगारांची नोंद मिळते ती जातींच्या यादीतल्या दोन-चार ओळींपुरती. त्यामुळे या धंद्याचा इतिहास शोधायचा तर माणसांपेक्षा त्यांच्या चाकाच्या मागे जावं लागतं.

जुनं चाक लाखेचं होतं. कुरुंद कुटून, चाळून, वितळलेल्या लाखेत मिसळायचा आणि लाकडी आसाभोवती त्याची जाड चकती बसवायची. खडबडीत कामाला जाड कणांचं चाक, शेवटच्या धारेला बारीक कणांचं. कुरुंद हिऱ्याखालोखाल कठीण. माणिक आणि नीलम त्याच खनिजाचे. म्हैसूरकडे आणि तमिळ मुलखात तो सापडायचा, आणि रत्नांना पैलू पाडणारेही असलीच लाखेची चाकं वापरत. आस दोन खुंटांमध्ये आडवा ठेवायचा, त्याला चामड्याच्या पट्ट्याचा वेढा द्यायचा, आणि समोर बसलेल्या माणसानं पट्ट्याची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची. चाक एकदा इकडे फिरायचं, एकदा तिकडे. शिकलगारानं पातं लावायचं ते चाक आपल्याकडून पलीकडे जात असेल तेव्हा, आणि उलटं फिरलं की उचलायचं. चाचांच्या आजोबांकडे असं चाक होतं, आणि पट्टा ओढायला आजी बसायची. ‘‘आजा गेल्यावर आजीच दोन्ही करायची,’’ असं ते सांगत. पट्टा ओढायला मग पोरं.

या चाकाचा एक गुण आज कुणाच्या ध्यानात येत नाही. लाख उष्णतेनं मऊ पडते, म्हणून चाक फार वेगात फिरवता येत नसे आणि पात्यावर फार जोर देता येत नसे. धार हळू लागायची, पण पोलाद तापायचं नाही. पोलादाला लोहारानं दिलेलं पाणी उष्णतेनं उतरतं. घासताना कडेवर आधी गवती पिवळा रंग येतो, मग तपकिरी, मग जांभळट, आणि तीनशे अंशांच्या आसपास निळा. निळी पडलेली कड दिसायला छान दिसते, पण ती मऊ झालेली असते आणि धार चार दिवसांत बसते. लाखेच्या चाकावर कात्री निळी करायची म्हटलं तरी जमलं नसतं, आधी चाकच पाघळलं असतं.

१८९१ मध्ये अमेरिकेत एडवर्ड अ‍ॅचेसन कृत्रिम हिरे करण्याच्या नादात होता. माती आणि कोकच्या मिश्रणातून त्यानं विजेचा प्रवाह सोडला, हिरे झाले नाहीत, पण चकाकणारे अतिशय कठीण स्फटिक हाती आले. त्यानं त्यांना कार्बोरंडम नाव दिलं. सुरुवातीला ही पूड जवाहिरांना कॅरटच्या भावानं विकली गेली. १८९५ मध्ये कारखाना नायगारा धबधब्यापाशी गेला, वीज स्वस्त झाली आणि पूड टनांनी निघू लागली. हिंदुस्थानात आधी आयात चाकं आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, उरणजवळ मोऱ्याला ग्राइंडवेलचा कारखाना सुरू झाला. १९५४ मध्ये मद्रासला कार्बोरंडम युनिव्हर्सल निघाली. उद्देश अर्थातच गिरण्या आणि कारखाने, गल्लीतले शिकलगार नव्हे. पण हार्डवेअरच्या दुकानात कुरुंदाच्या खड्याऐवजी एकसारखं, मापाचं, तयार चाक मिळू लागलं आणि लाखेची भट्टी घरोघरची विझली. त्याच दुकानात एका बाजूनं जाड आणि दुसऱ्या बाजूनं बारीक असा वीटभर लांबीचा कार्बोरंडमचा दगडही आला. आजीनंतर आमच्या घरात विळीसाठी तोच होता.

या बदलाची एक बाजू विलायतेत जास्त लख्ख दिसते. इंग्लंडचं शेफील्ड म्हणजे कात्र्या-सुऱ्यांची पंढरी. १७४० च्या दशकात तिथं बेंजामिन हंट्समननं मुशीतलं पोलाद काढलं आणि १७६१ मध्ये रॉबर्ट हिंचक्लिफनं त्या पोलादाच्या कात्र्या करून विकायला सुरुवात केली. धार लावणारे तिथं वाळूच्या दगडाच्या मोठमोठ्या चाकांवर वाकून बसत. दगडाची धूळ छातीत जायची. एंगल्सनं १८४५ च्या पुस्तकात तिथल्या डॉक्टर नाइटचं निरीक्षण दिलं आहे: कोरड्या दगडावर काम करणारे सरासरी जेमतेम पस्तिशी गाठतात, ओल्यावर काम करणारे क्वचित पंचेचाळिशी ओलांडतात. कृत्रिम चाकं आल्यावर ही सिलिकाची धूळ कमी झाली. त्याच शेफील्डमध्ये कात्रीची दोन पाती जुळवणारा कारागीर धार लावणाऱ्याहून वेगळा असे, आणि त्याची ती जुळवणी शिकायला वर्षं लागत. अर्नेस्ट राइटच्या १९०२ पासूनच्या कारखान्यात हे काम आजही हातानंच चालतं. आमच्याकडे ही दोन्ही कामं चाचा एकटेच करत, आणि तेही सायकलच्या सीटवर बसून.

सायकलीनं हा धंदा पुरता बदलला. योगायोग असा की आमच्या भागात सायकल आणि कापणारं पातं एकाच माणसाच्या दुकानातून आलं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, आणि पुढे कारखानदारीत पाऊल टाकलं ते कडबा कापायच्या यंत्रानं. १९१० मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. कडब्याच्या यंत्राची पाती सारखी बोथट व्हायची, म्हणजे धारेचं नवं गिऱ्हाईक गावोगावी तयार झालं. सायकल स्वस्त होऊन शिकलगाराच्या हाती यायला मात्र स्वातंत्र्यानंतरची वर्षं उजाडली. चाचांची सायकल दुहेरी स्टँडची. मागचं चाक अधांतरी करायचं, त्याच्या रिमवरून दोरीचा पट्टा पुढे दांडीवरच्या लहान कप्पीला द्यायचा, कप्पीच्या आसावर दगड. पायडलच्या एका फेरीत दगड सहज वीस-तीस फेरे घ्यायचा, आणि कायम एकाच दिशेनं.

त्यामुळे पट्टा ओढणारं दुसरं माणूस लागेनासं झालं. पुरुष एकटा सायकल घेऊन पाच-सात गावं करू लागला आणि चाकासमोर बसणारी बाई या धंद्यातून बाहेर पडली. सायकलीनं बायकांना मोकळं केलं असं आपण नेहमी वाचतो. इथं तिनं एका बाईचं काम काढून घेतलं, आणि त्याबद्दल कुणी काही लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. १९७३ च्या ‘जंजीर’मध्ये जया भादुरी रस्त्यावर चाकू-सुऱ्यांना धार लावणारी मुलगी झाली तेव्हा आमच्या वर्गातल्या मुलींना ते सिनेमातलंच काहीतरी वाटलं. चाचांना त्यात काही विशेष वाटलं नाही. ते म्हणाले, ‘‘आमची आजी बी तेच करत हुती. गाणं तेवढं म्हणत नव्हती.’’

त्यांचा खरा हंगाम दोनदा. बकरी ईदच्या आधी खाटकांच्या सुऱ्या, आणि नवरात्रात आमच्या कात्र्या. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. त्या दिवशी वर्गात मशीन आणि कात्र्या झेंडूच्या फुलांसह पाटावर, आणि कापड कापायचं नाही. बोथट कात्री पूजेला ठेवायची लाज वाटायची, म्हणून सातव्या-आठव्या माळेला चाचांच्या सायकलीभोवती शिंप्यांची गर्दी. शिंप्याची कात्री आधी, घरची नंतर, हा त्यांचा क्रम. मी कितीही ओळखीची असले तरी तो मोडला नाही. ‘‘बाई, त्यांची दिवाळी ह्याच्यावर हाय,’’ एवढंच म्हणायचे, आणि ते बरोबरच होतं.

त्यांच्या हातून गेलेल्या कात्र्यांपैकी बहुतेक मेरठच्या. तिथल्या कैंची बाजारात पिढ्यान्‌पिढ्या हा उद्योग आहे आणि २०१३ मध्ये मेरठच्या कात्रीलाही भौगोलिक मानांकन मिळालं. कच्चा माल जवळजवळ सगळा भंगाराचा. पाती मोटारींच्या जुन्या कमानींच्या पोलादाची, मुठी भंगारातलं पितळ किंवा अ‍ॅल्युमिनियम वितळवून साच्यात ओतलेल्या. एकेक कात्री ठोकणारा, भोक पाडणारा, घासणारा, जुळवणारा अशा कितीतरी हातांखालून जाते. आजोबांनी घ्यावी आणि नातवानं वापरावी, अशी तिच्याबद्दल तिकडची म्हण. या म्हणीला अट आहे ती धारेची. पात्याला भरपूर मांस आहे, खिळा काढता-घालता येतो, म्हणून ती पुन्हा पुन्हा घासता येते. आणि दर काही महिन्यांनी ती घासणारा दारावर येतो, म्हणून ती तीन पिढ्या चालते. दोन्हीपैकी एक गेलं की म्हण संपली.

गेलं ते दोन्ही. फिनलंडच्या फिस्कार्सनं १९६७ मध्ये नारिंगी प्लॅस्टिकच्या मुठीची हलकी कात्री काढली. ती चांगली होती, आणि म्हणूनच जगभर तिच्या वाईट नकला झाल्या. पातळ पत्र्यातून ठोकून काढलेली पाती, आतून पोकळी नाही, मधे कायमचा ठोकलेला रिवेट, आणि किंमत अशी की धार लावायला तेवढेच पैसे पडावेत. अशी कात्री धारवाल्याकडे कोण नेणार? चाचांनी मुलाला धंद्यात घातलं नाही. आता शहरात धार म्हणजे एखाद्या दुकानाच्या पायरीवरचा विजेचा ग्राइंडर, मिनिटाला सुमारे अठ्ठावीसशे फेऱ्यांचा.

धारवाला येईनासा झाला तेव्हा कात्रीला घरीच धार लावायचे उपाय पुढे आले. एकानं सांगावं, पॉलिशपेपरच्या पट्ट्या कापा. दुसरीनं सांगावं, अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलच्या चार घड्या घालून कापा. कुणी काचेच्या बाटलीच्या मानेवर कात्री चालवतं, कुणी जाड सुईवर. माझं मत विचाराल तर हे सगळे उपाय कात्रीला उठवून बसवतात, बरी करत नाहीत. वापरून धारेची कड बारीकशी एका बाजूला वळते. फॉइल, बाटली आणि सुई ती कड सरळ करतात, म्हणून कात्री लगेच चांगली चालते आणि लगेच पुन्हा बसते. कागद कापायच्या कात्रीला तेवढं पुरे. पॉलिशपेपर थोडं खरोखर घासतो, पण तो आतल्या बाजूलाही घासतो, आणि चाचांनी जे करू नका म्हणून सांगितलं होतं तेच करतो. शिवणाच्या कात्रीला मी तो कधी दाखवला नाही.

खिळ्याऐवजी स्क्रू असेल तर काम सोपं आहे, आणि चाचा गेल्यावर वर्गात मी ते शिकवायलाच लागले. स्क्रू काढून पाती सुटी करायची. कड मार्करनं रंगवायची, म्हणजे दगड कुठं लागतो ते दिसतं. बाहेरच्या बाजूला कारखान्यानं घासलेली अरुंद उतरती पट्टी असते. कापडाच्या कात्रीत ती आतल्या बाजूशी साठ अंशांच्या आसपासचा कोन करते. विळीपेक्षा हा कोन कितीतरी उभा, आणि घरात माणसं चुकतात ती इथंच, सुरीसारखं पातं निजवून. ती पट्टी कार्बोरंडमच्या दगडाच्या बारीक बाजूवर टेकवायची, दगड ओला, आणि खिळ्यापासून टोकापर्यंत एका दमात ओढायची. मागे-पुढे खसाखसा नाही. रंग सगळ्या लांबीभर गेला की थांबायचं. आत चिकटलेला बारीक चुरा दगडावर काढायचा नाही. पाती पुन्हा जोडायची, कात्री एकदा सावकाश मिटायची आणि तो चुरा जुन्या सुती कापडानं पुसून टाकायचा. मग स्क्रू. कात्री उभी धरून एक मूठ सोडली तर पातं आपल्या वजनानं अर्ध्यावर येऊन थांबलं पाहिजे. धडकन मिटलं तर सैल, जागचं हललं नाही तर आवळ.

दात पडले असतील, कात्री हातातून निसटून टोक वाकलं असेल किंवा खिळा ठोकलेला असेल, तर मात्र हे घरचं काम नाही. मी पिशवीत घालून बाजारातल्या त्या ग्राइंडरवाल्या मुलाकडे नेते आणि समोर बसते. बाहेरूनच घास, आत लावू नको, आणि दर घासेला पाण्यात बुडव. तो म्हणतो, ‘‘मावशी, पाण्यात बुडवत बसलो तर एका कात्रीला अर्धा तास जाईल.’’ जाऊ दे. मला घाई नाही, आणि स्टूल त्याचंच आहे.